एमजीबी खोलायला घेताना: पहिला बोल्ट ते पहिला काप

इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचायचा नाद लागला की एक मजकूर पुन्हापुन्हा भेटतो: ‘एमजीबी, काम अर्धवट, जवळजवळ सगळे भाग खोक्यांत.’ एमजीबी म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. या मजकुरातला ‘जवळजवळ’ नीट वाचायचा. कुणीतरी एखाद्या उन्हाळ्यात चार शनिवार-रविवार झपाटल्यासारखी गाडी खोललेली असते आणि पुढची दहा वर्षं ती खोकी फळीवर धूळ खात असतात. गंजलेला पत्रा बदलता येतो. पण कुठला बोल्ट कुठला, वायसर कोणत्या बाजूला होता, ही वायर कशाला जात होती, हे एकदा डोक्यातून गेलं की गाडी संपली.

मीही त्याच वाटेने निघालो होतो. माझी १९७२ची रोडस्टर, म्हणजे उघडी एमजीबी, पहिल्या दोन रविवारांत मी इतकी पटापट खोलली, की तिसऱ्या रविवारी ‘किरकोळ स्क्रू’ अशी चिठ्ठी लावलेल्या बरणीत एकशे चाळीस स्क्रू होते आणि त्यांतले निम्मे कुठले ते मला सांगता येत नव्हतं. तिथे थांबलो, कामाची रीत बदलली, आणि नंतर जे केलं ते इथे लिहितोय. हा लेख फक्त सुरुवातीचा आहे: गाडी दारात आल्यापासून पत्र्याला पहिला काप देईपर्यंत. वेल्डिंग, रंग, इंजिनची बांधणी यांत शिरत नाही.

एमजीबी निवडायचं कारण व्यवहारी आहे. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ऑक्सफर्डशायरमधल्या अबिंग्डनच्या कारखान्यात ही गाडी बनत होती आणि एकूण पाच लाखांहून जास्त गाड्या तिथून बाहेर पडल्या. त्यामुळे सुटे भाग मिळतात. इतके मिळतात, की १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेजने जुन्याच साच्यांवर अख्खी नवी बॉडी बनवायला सुरुवात केली. पहिल्यांदाच ब्रिटिश स्पोर्ट्स कार हातात घेणाऱ्याने दुर्मिळ गाडीच्या मोहात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी कागद, मग पाना

बॉनेटखालच्या पाटीवर कारखान्याने दिलेला गाडीचा नंबर असतो. माझ्या गाडीचा ‘जीएचएन-५’ने सुरू होतो: जी म्हणजे एमजी, एच म्हणजे इंजिनाचा आकारगट, एन म्हणजे दोन आसनी उघडी गाडी. एनच्या जागी डी असेल तर ती बंद छपराची जीटी. हा नंबर नोंदणीच्या कागदाशी, म्हणजे व्ही-फाइव्ह-सीशी, ताडून बघा. जुळत नसेल तर काहीही खोलण्याआधी डीव्हीएलएशी, म्हणजे तिथल्या वाहन नोंदणी खात्याशी, पत्रव्यवहार उरका. गाडीचे तुकडे झाल्यावर ती कोणती हे पटवून देणं फार जड जातं. गाडी रस्त्यावर येणार नसेल तर तसं खात्याला कळवणारा ‘सॉर्न’ भरा, आणि ते भरल्यावर गाडी घराबाहेरच्या रस्त्यावर उभी करता येत नाही हे लक्षात ठेवा. जागा तुमची स्वतःची हवी.

वॉरिकशायरमध्ये गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे. नंबर पाठवून फी भरली की तिथून प्रमाणपत्र मिळतं: गाडी कोणत्या तारखेला बनली, मूळ रंग कोणता, आतली गादी कोणत्या रंगाची, इंजिन नंबर काय. माझी गाडी लालभडक होती. प्रमाणपत्रात टील ब्लू निघाला. नंतर डॅशबोर्ड काढल्यावर त्यामागे तो निळा जसाच्या तसा सापडला, तळहाताएवढा, आणि पन्नास वर्षं ऊन न लागल्यामुळे अगदी ताजा. रंगाच्या दुकानात नेऊन दाखवायला यापेक्षा चांगला नमुना मिळत नाही. तेवढी जागा घासू नका.

दाराची फट

हा भाग सावकाश वाचा, कारण इथे चूक झाली तर पुढे ती सुधारत नाही.

एमजीबीला वेगळी चेसिस नाही. आपल्याकडच्या जुन्या जीपसारखी खाली लोखंडी शिडी आणि वर बॉडी, असा प्रकार नाही. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. रोडस्टरला तर छप्परही नाही. मग पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवण्याचं बरंचसं काम दारांखालच्या दोन पत्र्याच्या पेट्या करतात. त्यांना सिल म्हणतात. बाहेरून एकच गुळगुळीत पत्रा दिसतो. आत मात्र मधोमध उभा पडदा, पलीकडे आतला पत्रा, आणि खाली किल्ल्याच्या तटासारखी वरखाली झालेली पट्टी; तिला तिथले लोक कॅसल सेक्शनच म्हणतात. पाणी आणि रस्त्यावरचं मीठ या पेटीत शिरतं आणि ती आतून बाहेर कुजत येते. बाहेरचं फुगलेलं दिसेपर्यंत आतला पडदा बहुतेक गेलेला असतो.

म्हणून गाडी धड असताना, चार चाकांवर सपाट जमिनीवर उभी असताना, दोन्ही दारं लावून फटी मोजा. दाराच्या मागच्या कडेची फट वर किती, मध्ये किती, खाली किती. मी फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, आणि ड्रिलच्या बिटांनी मोजलं: डावीकडे वर ३ मिमी, खाली ७. उजवीकडे वर ४, खाली ५. म्हणजे डाव्या बाजूला गाडी कमरेत वाकलीय. आता दोन जाडजूड मित्रांना सीटवर बसवा आणि पुन्हा मोजा. मग त्यांना उतरवून, सिलच्या मध्यावर जिथे जॅक लावायची सोय आहे तिथे लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हाताने थोडं उचला आणि तिसऱ्यांदा मोजा. निरोगी गाडीत फट जवळजवळ हलत नाही. माझ्या गाडीत डावीकडे मित्र बसल्यावर वरची फट ३ वरून २ वर आली, आणि जॅक लावल्यावर करकर असा आवाज येऊन ठोकळा सरळ वर घुसायला लागला. तिथेच थांबलो.

हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून तारीख घाला. पुढे प्रत्येक टप्प्याला याच पानावर परत यायचं आहे.

मग लोहचुंबक घ्या, फडक्यात गुंडाळा आणि सगळ्या बाहेरच्या पत्र्यावरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे लांबी, म्हणजे पुटी, भरलेली आहे. सुरुवातीच्या काही वर्षांतल्या गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे, तिथे तो धरणारच नाही, घाबरू नका. मागच्या चाकांच्या कमानी, पुढच्या मडगार्डची खालची टोकं, हेडलाइटभोवतालचा भाग, बॅटरीच्या पेट्या, पुढच्या पायांखालचा तळ: गंजाची नेहमीची घरं हीच. सिलवर चकचकीत स्टीलचं आवरण बसवलेलं असेल तर ते दागिना म्हणून बसवलेलं नाही एवढं धरून चाला.

पाने इंचाचे

या गाडीवर मिलिमीटरचे पाने चालत नाहीत. ‘१३ नंबरचा पाना अर्ध्या इंचाला बसतो’ असं कुणीही सांगेल आणि तो बसतोही. पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, आणि गंजलेल्या बोल्टवर ती ०.३ मिमीची ढिलाई त्याचे कोपरे गोल करायला पुरते. लागणारे आकडे थोडेच आहेत: ७/१६, १/२, ९/१६, ५/८ आणि ३/४ इंच. या आकारांचे रिंग पाने आणि सहा कोनांची गोटी (सॉकेट) घ्या. बारा कोनांची गोटी जुन्या बोल्टवर घसरते.

तुमच्या हातात एमजीबी नसून त्याआधीची टी-मालिकेतली टीसी किंवा टीडी असेल तर प्रकरण आणखी गमतीचं आहे. त्यांच्या इंजिनाच्या बोल्टांचे आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची. दुकानातला नवा बोल्ट आट्यात बसला तर तुमचा पाना बसत नाही, आणि पाना बसला तर आटा बसत नाही. अशा गाडीचा एकही बोल्ट टाकून देऊ नका.

याशिवाय एक इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे मागून हातोडी मारली की फिरणारा स्क्रू ड्रायव्हर, हवाच. दाराच्या बिजागऱ्यांचे जाड चपट्या डोक्याचे स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरने निघाले असं सांगणारा मला अजून भेटलेला नाही. आणि गाडी खालून धरून ठेवणाऱ्या चार भक्कम लोखंडी घोड्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, डोकं तर नाहीच.

वही, पिशव्या, फोटो

माझी रीत अशी बसली. प्रत्येक भाग काढण्याआधी तीन फोटो: लांबून, जवळून आणि पाना लावलेल्या अवस्थेत. काढल्यावर त्याचे नट-बोल्ट छोट्या पिशवीत, आणि पिशवीत चिठ्ठी: काय, कुठून, किती, कोणत्या बाजूचं, वायसरचा क्रम काय. चिठ्ठी पेन्सिलने लिहा. पेट्रोल-ऑइलच्या हाताने शाई पुसली जाते. शक्य असेल तिथे बोल्ट काढलेल्या जागीच दोन आटे फिरवून परत लावून ठेवा. यापेक्षा चांगली पिशवी नाही.

डावं-उजवं ही मोठी फसगत. समोरून बघताना जे डावं तेच सीटवर बसल्यावर उजवं. ड्रायव्हर बसतो त्या दिशेने बघून डावं-उजवं ठरवा आणि ते वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. इंग्रज मंडळी फूटपाथकडची बाजू आणि रस्त्याकडची बाजू असं बोलतात, पण अमेरिकेहून परत आणलेली डाव्या स्टिअरिंगची गाडी असेल तर त्यातही घोळ होतो. माझ्या चिठ्ठ्या मराठीत आहेत. मदतीला येणाऱ्या शेजाऱ्याला ‘मागचा डावा’ एवढं देवनागरी आता वाचता येतं.

वहीत रोज काय काढलं ते क्रमाने लिहा. जोडताना हीच वही शेवटच्या पानावरून मागे वाचत जायची आहे. एखादा भाग काढताना काही अडचण आली, उदाहरणार्थ ‘हा बोल्ट वरून दिसत नाही, पण डावा हात खालून घातला की लागतो’, तर तेही लिहा. दोन वर्षांनी हे वाक्य तुमची अख्खी संध्याकाळ वाचवेल.

पुठ्ठ्याची खोकी टाळा, इंग्लंडच्या दमट गॅरेजात ती एका हिवाळ्यात लोळागोळा होतात. झाकणाचे प्लास्टिकचे डबे घ्या आणि गाडीच्या भागांनुसार वाटा: इंजिन, ब्रेक, डावं दार, उजवं दार, विजेचं काम. आणि जुना भाग टाकण्याची घाई नको. नवा हातात येईपर्यंत, शेजारी ठेवून ताडून बघेपर्यंत आणि प्रत्यक्ष बसवून बघेपर्यंत जुना ठेवायचा. रबराचे नवे भाग तर कित्येकदा जुन्यांपेक्षा वाईट निघतात.

बॅटरी, तेल-पाणी, पेट्रोल

खोलायला सुरुवात करण्याच्या आठवडाभर आधी सगळे उघडे बोल्ट तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर गंज सोडवणारं तेल मारा. रोज संध्याकाळी थोडं. सायलेन्सर, मॅनिफोल्ड, सस्पेन्शन, मडगार्डचे बोल्ट, सगळ्यांना.

मग बॅटरी. १९७४ पर्यंतच्या एमजीबीत सीटांच्या मागे झाकणाखाली ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, एकीला एक जोडून १२ व्होल्ट. अर्थिंगची वायर आधी सोडायची. पण १९६७ आधीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. म्हणजे सवयीने ‘काळी म्हणजे अर्थिंग’ धरून चालू नका. बॉडीला कोणती वायर जाते ते डोळ्यांनी बघा.

पेट्रोल मोकळ्या हवेत काढा, बॅटरी सोडल्यानंतरच, आणि आसपास हीटर किंवा उघडा दिवा नको. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या पेट्रोलला व्हार्निशसारखा वास येतो. ते नव्या पेट्रोलमध्ये मिसळून संपवायचा विचार करू नका. टाकी खालून बोल्ट सोडून उतरते. तिच्या माथ्यावर, डिकीच्या तळाला चिकटणाऱ्या बाजूला, चिखल साचून ती तिथून गंजलेली असते. रबरी पेट्रोल-नळ्या सरसकट फेका. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे आणि जुन्या रबराला ते मानवत नाही.

रेडिएटरचं पाणी बादलीत धरा. त्यातलं अँटिफ्रीझ चवीला गोड आणि कुत्र्या-मांजरांना विषारी असतं. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग उकलतो, लगेच भरपूर पाण्याने धुवा. जुनं ऑइल कौन्सिलच्या पुनर्वापर केंद्रावर घेतात.

ब्रेकचे ड्रम उघडताना आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नका आणि फुंकू तर मुळीच नका. त्या काळच्या ब्रेक शूमध्ये, क्लचप्लेटमध्ये, काही गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बंद करा, तोंडावर चांगला मास्क हवा. तीच काळजी जुना रंग घासताना, कारण त्यात शिसं असू शकतं.

आतून बाहेर

क्रम मी असा ठेवला: सीट, कार्पेट, दारांचे आतले पत्रे, हुड (कापडी छप्पर), मग डॅशबोर्ड, मग पुढची काच, मग इंजिन. सीट आणि कार्पेट अर्ध्या दिवसात निघतात, त्यावर जास्त लिहीत नाही. कार्पेटखालचा काळा डांबरी थर मात्र खरवडून काढा. गंज त्याच्याखाली लपलेला असतो.

डॅशबोर्डमागची वायरिंग बघून पोटात गोळा येतो. खरं तर ल्युकस या विजेचं सामान बनवणाऱ्या कंपनीच्या रंगांची भाषा एकदा कळली की ती पाठ होते. तपकिरी: बॅटरीहून थेट, फ्यूजशिवाय, कायम जिवंत. जांभळा: कायम जिवंत पण फ्यूजमधून. पांढरा: चावी फिरवल्यावर जिवंत, फ्यूजशिवाय. हिरवा: चावी फिरवल्यावर, फ्यूजमधून. लाल: पार्किंग लाइट. निळा: हेडलाइट. काळा: अर्थिंग. वायरवर दुसऱ्या रंगाची रेघ असेल तर ती त्या मूळ सर्किटची फांदी. प्रत्येक जोडाच्या दोन्ही टोकांना एकाच नंबरची पट्टी चिकटवा, मगच ओढा. वायर कापायची नाही. मधल्या एखाद्या मालकाने रेडिओसाठी ओढलेली, कुठल्याच भाषेत न बसणारी गुलाबी वायर सापडेलच. तिचा फोटो काढून तिला वेगळी पिशवी द्या. जुना हार्नेस, म्हणजे वायरांचा जुडगा, गाठोडं करून ठेवा, नवा घेतला तरी.

रोडस्टरच्या काचेच्या चौकटीचे पाय बॉडीत खोल उतरतात आणि त्यांचे बोल्ट आत डॅशबोर्डच्या मागे असतात. डॅशबोर्ड आधी काढला असेल तर हे काम एका तासाचं. नसेल तर उताणं झोपून, नाकावर गंज झेलत अख्खा दिवस.

इंजिन

मिरजेला माझे मामा तीस वर्षं ॲम्बॅसिडर टॅक्सी चालवत होते. व्हिडिओ कॉलवर त्यांना बॉनेट उघडून दाखवलं तर म्हणाले, “अरे, हे तर आपलंच इंजिन की रे!” आणि ते खरं आहे. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सिरीजचं, आणि ॲम्बॅसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिनही त्याच घराण्यातलं. टॅपेट कव्हर, पुशरॉडची बाजू, डिस्ट्रिब्यूटरची जागा, सगळं त्यांना तोंडपाठ. ज्यांच्या घरी ॲम्बॅसिडर होती त्यांनी या इंजिनाला परकं समजू नये.

इंजिन बाहेर काढण्याआधी ते फिरतंय का बघा. स्पार्क प्लग काढा, चौथा गिअर टाका, गाडी पुढेमागे ढकला. जाम असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल ओतून चार दिवस थांबा आणि पुन्हा ढकला. जोर करू नका. फिरत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून आकडे वहीत लिहा. चारही आकडे जवळजवळ सारखे असायला हवेत. माझे तीन १५०च्या आसपास आणि चौथा ९० आला. शिशाच्या पेट्रोलसाठी बनवलेलं हेड बिनशिशाच्या पेट्रोलवर पळवलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात. हेड उघडल्यावर नेमकं तेच निघालं.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा एक नट हलेना. मामा म्हणाले, “आधी किंचित आवळ, मग सोड. ऐकत नसला तर गरम कर आणि मेणबत्ती लाव.” नट गॅसच्या टॉर्चने तापवला, मेणबत्तीचं टोक त्याच्या बुडाशी टेकवलं. मेण वितळून आट्यात ओढलं गेलं, बारीक धूर निघाला, आणि पाव फेऱ्यावर नट कुरकुरत सुटला. पेट्रोलची टाकी आणि नळ्या गाडीबाहेर गेल्यानंतरचीच ही युक्ती, हे सांगायला नको.

इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र काढणं मला सोपं वाटलं. बॉनेट काढण्याआधी बिजागऱ्यांभोवती पेन्सिलने रेघ मारा, परत बसवताना तीच खूण. बॉनेट दोघांनी उचलायचं. रेडिएटर आणि तो ज्या पत्र्यावर बसतो तो आडवा पत्रा, दोन्ही काढले की पुढे जागा होते. कार्ब्युरेटर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्यूटरची टोपी, ऑइल प्रेशरची नळी. सुरुवातीच्या गाड्यांत तापमानाच्या काट्याला बारीक तांब्याची नळी असते. ती मोडली की काटा गेला, म्हणून ती अलगद गुंडाळून बाजूला बांधा. क्लचचा खालचा सिलिंडर नळीसकट सोडून तारेने वर टांगा, म्हणजे ऑइल काढावं लागत नाही. आतून गिअरचा दांडा, खालून स्पीडोमीटरची केबल आणि प्रोपेलर शाफ्टचे चार बोल्ट. शाफ्टच्या दोन्ही तबकड्यांवर रंगाची एक आडवी रेघ ओढा. गिअरबॉक्सचं ऑइल आधी काढा आणि शेपटीला पिशवी बांधा. इंजिन तिरकं झालं की उरलंसुरलं ऑइल तिथूनच तुमच्या बुटात येतं.

क्रेन भाड्याने मिळते. तिच्यासोबत तिरकेपणा कमीजास्त करण्याचा स्क्रूचा दांडा जरूर मागा, कारण पुढचं टोक बरंच वर आणि शेपूट बरीच खाली करावी लागते. दोन माणसं हवीत: एक क्रेनवर, एक गिअरबॉक्सच्या शेपटीकडे. आणि आधी छताची उंची मोजा. माझं इंजिन गाडीच्या नाकावर पोचलं तेव्हा क्रेनचा हात गॅरेजच्या उघडलेल्या दाराला टेकला. ना वर, ना खाली. शेवटी इंजिन हवेत तसंच ठेवून गाडी मागे ढकलली. तशी वेळ आणू नका. गाडीचं नाक बाहेर अंगणात काढून मगच उचला.

मडगार्ड आणि माती

तारांची चाकं असतील तर त्यांच्या पंखांच्या नटाला दिशा आहे. त्यावर सोडायच्या बाजूचा बाण असतो. पुसला गेला असेल तर एवढं लक्षात ठेवा: गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं, त्या दिशेने नट सुटतो. म्हणजे डावीकडे नेहमीचा आटा, उजवीकडे उलटा. तांब्याच्या किंवा कातड्याच्या डोक्याची हातोडी वापरा.

एमजीबीची पुढची मडगार्डं बोल्टवर आहेत, मागची वेल्ड केलेली. पुढची काढण्याचा दिवस मला अजून आठवतो. वरचे बोल्ट निघाले, आतले निघाले, खालचे तुटले. मडगार्ड बाजूला ओढलं आणि दाराच्या पुढच्या पोकळीतून दीड बादली माती खाली पडली. काळी, ओलसर, मधूनमधून शेवाळ. पन्नास पावसाळ्यांत पुढच्या चाकाने उडवलेला ऑक्सफर्डशायरचा रस्ता तिथे साठला होता. माती काढली तेव्हा सिलचं पुढचं टोक दिसायला हवं होतं. तिथे कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी होती, तिच्यावर लांबी, आणि आत कोंबलेल्या वर्तमानपत्राचा लगदा. लाल रंग त्याच्यावर मारलेला. करकर का झाली ते तेव्हा कळलं.

काप देण्याआधी

आता हात शिवशिवतात. इथे माझा सल्ला असा, की पुढचं-मागचं सस्पेन्शन आणि ॲक्सल अजून काढू नका. याबाबत दोन मतं आहेत. काही जण सगळं काढून बॉडी फिरत्या चौकटीवर चढवतात. पण कुजलेल्या सिलची रोडस्टर त्या चौकटीवर टांगली तर ती पिळवटते. सिल नवे होईपर्यंत गाडी आपल्या नेहमीच्या आधारांवर असावी, आणि गरज पडली तर ढकलून बाहेरही काढता यावी. तिच्याखाली घोड्या लावून, पाणसळीने आडवं-उभं तपासून ती सपाट करा.

मग दारांच्या चौकटीत आधार. २५ मिमीची चौकोनी लोखंडी नळी बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत एक आडवी, एक तिरकी, आणि डावी-उजवी बाजू जोडणारी एक मधून. नळी आतल्या बाजूने वेल्ड करा, म्हणजे दार लावून फट बघता येते. दार बंद होत नसेल तर आधार चुकीच्या जागी लागला. बिजागऱ्या सैल करून दार ओढून-ताणून फट चांगली दिसेल असं करण्याचा मोह आवरा. तुम्हाला खरी फट हवी आहे. आणि दोन्ही सिल एकाच वेळी कधीही कापायचे नाहीत. एक बाजू कापायची, बसवायची, दार लावून बघायचं, मग दुसरी.

माझ्या गाडीचं इंजिन निघालं, घोड्या डाव्या बाजूला थोड्या वर घेतल्या, आणि मग आधार वेल्ड केले. दार लावून पुन्हा मोजलं: डावीकडे वर ५ मिमी, खाली ५. वहीच्या पहिल्या पानावर ३ आणि ७च्या खाली ते लिहिलं, तारीख घातली, आणि मगच ग्राइंडरची पिन भिंतीत खोचली.